वाक्यांच्या चार जाती : एका वर्गीकरणाचा इतिहास

इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाची वही उघडली की हमखास एक पान आढळते. डाव्या बाजूस दहा वाक्ये, उजव्या बाजूस चार नावे : असर्टिव्ह, इंटरॉगेटिव्ह, इम्परेटिव्ह, एक्स्क्लमेटरी. मुलाने वाक्य वाचावे, शेवटचे चिन्ह पाहावे आणि योग्य नाव लिहावे. पूर्णविराम असला तर विधान, प्रश्नचिन्ह असले तर प्रश्न, उद्गारचिन्ह असले तर उद्गार. आपल्या पिढीने हेच मराठीतून विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी व उद्गारार्थी या नावांनी पाठ केले. ही चार नावे इतकी अंगवळणी पडली आहेत की ती भाषेबरोबरच जन्मली असावीत असे वाटते. वस्तुतः ती निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या कारणांनी जमा झाली, आणि त्यांपैकी एक तर बऱ्याच उशिरा आले.

प्रारंभ व्याकरणकारांपासून होत नाही, वक्तृत्व शिकवणाऱ्या ग्रीक पंडितांपासून होतो. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील प्रोटॅगोरस याने बोलण्याचे चार भाग पाडले असे परंपरा सांगते : प्रार्थना, प्रश्न, उत्तर आणि आज्ञा. या विभागणीचा त्याने लगेच उपयोगही केला, तोही प्रत्यक्ष होमरवर दोष ठेवण्यासाठी! इलियडच्या आरंभी कवी देवीला गाण्याविषयी सांगतो ते आज्ञार्थी क्रियापदाने. प्रोटॅगोरसचा आक्षेप असा की, कवीच्या मनात प्रार्थना आहे आणि मुखातून मात्र आज्ञा निघाली आहे. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात या आक्षेपाचा उल्लेख करून तो किरकोळ म्हणून बाजूस सारला. माझ्या मते तो मुळीच किरकोळ नाही. वाक्याचे रूप एक आणि त्याचे कार्य दुसरे असू शकते, हा पुढील अडीच हजार वर्षांचा सगळा घोळ त्या एका तक्रारीत सामावलेला आहे.

अ‍ॅरिस्टॉटलला स्वतःला रस होता तो तर्कशास्त्रात. जे वाक्य खरे किंवा खोटे ठरू शकते तेवढेच त्याच्या कामाचे. प्रार्थना हेही वाक्यच, परंतु ते खरे नसते आणि खोटेही नसते. म्हणून त्याचा विचार वक्तृत्व व काव्य यांच्या अभ्यासकांकडे सोपवावा, असे त्याने सुचवले. यामुळे विधान हे वाक्यांचे कुलपुरुष ठरले आणि बाकीची मंडळी पाहुण्यांसारखी ओसरीवर बसली. आपल्याकडे याच्या उलट घडले, हे येथे सांगितलेच पाहिजे. मीमांसकांना वेदातील विधिवाक्याचा अर्थ लावायचा होता, तेव्हा त्यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी विधान नसून 'करावे' असे सांगणारे वाक्य होते. पाणिनीनेही आज्ञेसाठी लोट् आणि विधीसाठी लिङ् असे स्वतंत्र लकार मानले. एका संस्कृतीने सत्याचा शोध घेता घेता वाक्य पाहिले, दुसरीने कर्तव्याचा शोध घेता घेता. पुढे या दोन दृष्टी मराठी व्याकरणात समोरासमोर आल्या.

इंग्लंडमध्ये व्याकरण म्हणजे लॅटिनचे व्याकरण, अशीच दीर्घकाळ समजूत होती. आठव्या हेन्रीच्या काळात विल्यम लिली याच्या नावाने प्रसिद्ध असलेले लॅटिन व्याकरण राजाज्ञेने शाळांसाठी अधिकृत ठरले. इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण विल्यम बुलोकर याने १५८६ मध्ये काढले, ते लिलीच्याच साच्यात ओतून. जॉन वॉलिस हा मोठा गणिती. अनंताचे आडव्या आठसारखे चिन्ह रूढ करणारा तोच. त्याने १६५३ मध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिले तेही लॅटिन भाषेत. मजेची गोष्ट अशी की, इंग्रजीचे व्याकरण अद्याप बाल्यावस्थेत असताना एका इंग्रजाने आपल्या कोकणीचे व्याकरण सिद्ध केले होते. 'क्रिस्तपुराण'कर्ता फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तला. त्याचे कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये राचोल येथे छापले गेले. पोर्तुगीज भाषेत लिहिलेल्या त्या पुस्तकाचा साचाही लॅटिनचाच. म्हणजे इंग्रजी आणि कोकणी या दोन भाषा जवळपास एकाच काळात एकाच जुन्या शिंप्याकडे अंगरखा बेतायला गेल्या.

वाक्यप्रकारांची वर्गवारी शालेय इंग्रजी व्याकरणात स्थिर झाली ती रॉबर्ट लाउथ याच्यामुळे. हा धर्मोपदेशक, हिब्रू काव्याचा नामांकित अभ्यासक. पुढे १७७७ मध्ये लंडनचा बिशप झाला. त्याचे छोटेखानी व्याकरण १७६२ मध्ये निघाले. त्यात साध्या वाक्याचे तीनच प्रकार आहेत : विवरण करणारे, विचारणारे आणि आज्ञा करणारे. उद्गारवाक्य नाही! उद्गारचिन्ह मात्र आहे. आवाजाच्या चढउताराची खूण म्हणून लाउथ त्याची दखल घेतो, पण त्यासाठी वाक्याची वेगळी जात निर्माण करावी असे त्याला वाटत नाही. खूण आधी आली आणि जात मागाहून, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

लाउथची तीन नावे घरोघर पोहोचवली ती लिंडली मरे याने. हा मूळचा अमेरिकेतील वकील. प्रकृतीच्या कारणाने इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ येऊन राहिला आणि तेथील क्वेकर पंथाच्या मुलींच्या शाळेसाठी १७९५ मध्ये त्याने व्याकरण लिहिले. लाउथचे त्यातील ऋण उघड आहे. तीन वाक्यप्रकार तर जसेच्या तसे आहेत. या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या आणि इंग्रजी राज्य जेथे जेथे गेले तेथे ते गेले. एका लहानशा मुलींच्या शाळेची गरज भागवण्यासाठी केलेली रचना अर्ध्या जगाचे व्याकरण झाली. एकोणिसाव्या शतकात केव्हातरी उद्गारवाक्याला चौथे आसन मिळाले आणि चौकडी पूर्ण झाली.

दुसरी वर्गवारी रचनेची : केवल, संयुक्त व मिश्र. लाउथ व मरे यांच्याकडे येथेही दोनच खाने होते, साधे वाक्य आणि जोडवाक्य. तिसरा खाना आला जर्मनीतून. कार्ल फर्डिनांड बेकर हा पेशाने वैद्य. शरीरातील अवयव जसे परस्परावलंबी असतात तशी भाषा ही सजीव रचना आहे, अशा दृष्टीने त्याने १८२७ पासून भाषाविषयक ग्रंथ लिहिले. एक वाक्य दुसऱ्याशेजारी बसणे वेगळे आणि दुसऱ्याच्या पोटात अवयव होऊन राहणे वेगळे, हा भेद त्याच्या विवेचनात ठळक झाला. इंग्लंडमधील सरकारी शाळातपासनीस जे. डी. मोरेल याने १८५२ मध्ये वाक्यपृथक्करणावर पुस्तक काढले आणि ते बेकरच्या पद्धतीवर आधारले असल्याचे शीर्षकातच सांगून टाकले. नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य ही सारी मंडळी त्या वाटेने शाळेत शिरली. तपासनिसाच्या हाती अशी पद्धत पडावी, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. निबंध तपासण्यात मतभेद होतात. पृथक्करणाचा तक्ता मात्र बरोबर असतो किंवा चूक. मोठ्या संख्येने परीक्षा घेणाऱ्या व्यवस्थेला याहून सोयीचे काय असणार? अमेरिकेत रीड आणि केलॉग यांनी १८७७ मध्ये वाक्याचे रेघांनी चित्र काढण्याची पद्धत रूढ केली, ती आपल्याकडे फारशी आली नाही.

आपल्याकडे १८५४ चा वुडचा खलिता आणि १८५७ मधील विद्यापीठांची स्थापना यांनंतर इंग्रजी ही परीक्षेची आणि नोकरीची भाषा झाली. ज्यांना ती मातृभाषा नव्हती अशा लक्षावधी विद्यार्थ्यांसाठी व्याकरण लिहिण्याचे काम इंग्रज शिक्षणाधिकाऱ्यांनी केले. जे. सी. नेस्फील्ड हे वायव्य प्रांत व अवध येथील शिक्षण खात्याचे प्रमुख होते. त्यांच्या व्याकरणमालेने १८९५ च्या सुमारापासून पुढे कित्येक दशके राज्य केले. त्यांच्यानंतर रेन आणि मार्टिन. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि फ्रेंच परदेशी पलटणीवरील १९२४ च्या 'बो जेस्ट' या कादंबरीने जगभर गाजले. कादंबरी आज फारसे कोणी वाचत नाही; १९३० च्या दशकातील त्यांचे व्याकरण मात्र इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील कोणत्याही पुस्तकांच्या दुकानात अजून मिळते. लेखकाच्या कोणत्या कृतीला दीर्घायुष्य लाभेल हे सांगता येत नाही, ते असे.

या पुस्तकांतील एक प्रकरण मला फार उद्बोधक वाटते. ते म्हणजे वाक्यांचे रूपांतर. उद्गारवाक्याचे विधान करा, प्रश्नाचे विधान करा, होकारार्थीचे नकारार्थी करा, पण अर्थ बदलू देऊ नका. 'हे कोणाला ठाऊक नाही?' याचे 'हे सर्वांना ठाऊक आहे' असे करावयाचे. आता, अर्थ न बदलता जर प्रश्न विधान होऊ शकतो, तर तो मुळात प्रश्न होता काय? पहिल्या प्रकरणात चार भिंती बांधायच्या आणि दहाव्या प्रकरणात त्यांना दारे पाडायची, असा हा प्रकार आहे. शिक्षकांनी हा विरोध मुलांसमोर क्वचितच उघड केला.

मराठीपुरते पाहू गेल्यास वर्गवारीच्या आधी चिन्हे आली. आपल्या घराण्यांच्या जुन्या मोडी कागदांत विरामचिन्हे नाहीत. ओळ अखंड वाहते. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये विरामचिन्हांची परिभाषा प्रसिद्ध केली आणि प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह मराठी छपाईत स्थिरावू लागले. तत्पूर्वी मराठी माणसाला प्रश्न ओळखता येत नव्हता असे थोडेच आहे! तो शब्दांवरून आणि संदर्भावरून ओळखत असे.

विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ चे, इंग्रजांसाठी इंग्रजीत लिहिलेले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ चे. दादोबांना मराठीचे पाणिनी म्हटले जाते, पण त्यांच्यासमोर पाणिनीइतकेच इंग्रजी व्याकरणही होते. पुढे १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले. दामले हे कवी केशवसुतांचे बंधू, आणि ग्वाल्हेर संस्थानातील उज्जैनच्या माधव महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. मराठीच्या सर्वांत विस्तृत व्याकरणाचा कर्ता आयुष्यातील महत्त्वाची वर्षे आपल्या माळव्यात शिकवत होता, याचे स्मरण येथील मराठी मंडळींनी फारसे ठेवलेले नाही. दामल्यांनी दादोबांशी आणि इतर पूर्वसूरींशी पानोपानी वाद घातला आहे. कोणताही साचा निमूटपणे स्वीकारणारा हा माणूस नव्हता. शालेय पुस्तकांत मात्र वाद गळाला आणि तक्ते उरले.

वास्तविक इंग्रजी वाक्य ओळखण्याची किल्ली तिच्या शब्दक्रमात आहे, आणि मराठी मुलाला नेमकी तीच कोणी हाती देत नाही. मराठीत 'तू येतोस' या विधानाचा प्रश्न करायचा तर शेवटी 'का' लावावा, नाहीतर नुसता सूर चढवावा. शब्द जागचे हलत नाहीत. 'तू कुठे जातोस' यातही 'कुठे' आपल्या जागी स्वस्थ बसलेला असतो. इंग्रजीत मात्र प्रश्नाची चाहूल लागताच उलथापालथ होते. साहाय्यक क्रियापद कर्त्याला ओलांडून पुढे येते. प्रश्नशब्द असेल तर तो सर्वांच्या आधी धावतो. आणि साहाय्यक क्रियापदच नसेल तर 'डू' नावाचा एक भाडोत्री गडी आणून उभा करावा लागतो. हा गडी नेहमीचा नव्हे. शेक्सपिअरच्या काळी 'नो यू' आणि 'डू यू नो' अशी दोन्ही रूपे शेजारी शेजारी चालत. अठराव्या शतकापर्यंत दुसऱ्याने पहिल्याला बहुतांशी हुसकावले. म्हणजे लाउथ आपले तीन प्रकार सांगत होता तेव्हा त्यांतील प्रश्नाची आजची घडण नुकतीच पक्की होत होती. हा इतिहास मुलाला सांगितला तर 'यू आर गोइंग व्हेअर' असे तो का म्हणतो हे त्यालाच कळेल. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांना इंग्रजी आले, कारण तिने मराठी वाक्य शेजारी ठेवून इंग्रजीची चाल दाखवली.

आज्ञार्थाच्या बाबतीत पारडे उलट फिरते. इंग्रजी आज्ञार्थाचे रूप एकच, क्रियापदाचे मूळ रूप. राजाला, नोकराला, देवाला तेच. मग आदर दाखवण्यासाठी इंग्रजी माणूस आज्ञेला प्रश्नाचे कपडे घालतो : 'वुड यू क्लोज द डोअर'. मुलाने येथे प्रश्नचिन्ह पाहून 'इंटरॉगेटिव्ह' लिहिले तर त्याला गुण मिळतात, परंतु पाहुण्याने असे म्हटल्यावर तो नुसता 'येस' म्हणून बसून राहिला तर त्याला वाक्य समजले असे कोण म्हणेल?

मराठीला असे वेषांतर करण्याची गरज कमी पडे. तिच्याजवळ रूपांचा साठाच मोठा होता. ज्यांच्या घरी संस्थानी काळातील कागदांची बोचकी आहेत त्यांनी ती या दृष्टीने जरूर पाहावीत. हाताखालच्या माणसाला लिहिताना 'रवाना करणे', 'पावते करणे' अशी 'णे'कारान्त रूपे येतात. बरोबरीच्या माणसाला 'पाठवावे', 'उत्तर लिहावे'. वरिष्ठाला तर काही करावयास सांगायचेच नसते. त्याला 'आज्ञा व्हावी' अशी विज्ञापना करायची असते. क्रियापदाच्या शेपटावरून लिहिणारा आणि वाचणारा यांतील अंतर कळते, दरबारातील जागाही कळते. आता ही तिन्ही रूपे 'आज्ञार्थी' या एका खान्यात टाकली की हा सारा इतिहास पुसला जातो. इंग्रजीत उतरवताना 'द्यावे' याला 'शुड', 'शॅल', 'मे' की 'प्लीज' यांपैकी कोणता शब्द घ्यायचा हा प्रश्न अनुवादकासमोर उभा राहतो. एखाद्या इनामाच्या किंवा देण्याघेण्याच्या कागदात तो केवळ शैलीचा राहत नाही. 'द्यावे' म्हणजे दिलेच पाहिजे की दिले तर बरे, यावर हक्क ठरतो. आमच्या नातवंडांच्या पिढीत मोडी वाचणारे जवळजवळ नाहीत. बाळबोधीत उतरवलेला कागदही त्यांना वाचून दाखवला तर 'पाठवावे' ही सूचना आहे की विनंती, असे ती विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे, कारण त्यांना शिकवलेल्या चार खान्यांत त्याचे उत्तर नाही.

इंग्रजी अभ्यासकांनी हा घोळ गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत बराच निस्तरला. जे. एल. ऑस्टिन या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये हार्वर्ड येथे व्याख्याने दिली, ती १९६२ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. बोलणे ही स्वतःच एक कृती आहे, हा त्यांचा मुद्दा. 'मी वचन देतो' हे वाक्य रूपाने विधान. परंतु त्यात कशाची माहिती दिलेली नाही, वचनच दिलेले आहे. म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलने ओसरीवर बसवलेले पाहुणे अखेर घरात आले. रँडॉल्फ क्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या बृहद्व्याकरणात रूपासाठी एक नावे आणि कार्यासाठी दुसरी नावे ठेवली. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ च्या केंब्रिज व्याकरणाने तर प्रश्नरूपाचेच दोन प्रकार केले, हो-नाहीत उत्तर मागणारे आणि मोकळे उत्तर मागणारे. आपल्या 'का' आणि 'कुठे' यांतील भेद तो हाच.

हे शहाणपण शाळेत उतरवताना काय होते त्याचा नमुना इंग्लंडनेच २०१६ मध्ये दाखवला. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या परीक्षेसाठी सरकारी मार्गदर्शनात असे सांगितले गेले की, उद्गारवाक्य 'व्हॉट' किंवा 'हाउ' याच शब्दाने सुरू झाले पाहिजे आणि त्यात क्रियापद असले पाहिजे. वर्तमानपत्रांतून मोठी टिंगल झाली. आग लागल्यावर 'फायर!' असे ओरडणाऱ्याने उद्गार काढला नाही काय, अशा तऱ्हेची. परंतु रूपाच्या दृष्टीने मार्गदर्शन करणाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. 'व्हॉट अ लव्हली डे इट इज' ही घडण इंग्रजीत खरोखरच स्वतंत्र आहे, 'फायर!' हा एक शब्द आणि एक चिन्ह. चूक झाली ती इतकीच की, रूपाचे नाव आणि कार्याचे नाव पुन्हा एकच ठेवले गेले.

घरी नातवंडांचा अभ्यास घेताना मी अलीकडे वहीच्या त्या पानाला आणखी एक रकाना आखतो. पहिल्यात वाक्याचे रूप लिहायचे : कर्ता कोठे आहे, क्रियापद पुढे आले आहे काय, कर्ता गाळला आहे काय. दुसऱ्यात त्याचे काम : सांगते, विचारते, करायला लावते की मनातली भावना बाहेर टाकते. चिन्हाकडे सर्वांत शेवटी पाहायचे. 'यू विल रिपोर्ट टू दि ऑफिस अ‍ॅट टेन' याच्यासमोर पहिल्या रकान्यात विधान येते आणि दुसऱ्यात आज्ञा. सरकारी नोकरीत अशा वाक्यांची मला सवय होती. तेथे आज्ञार्थी क्रियापद जवळजवळ कधीच वापरले जात नाही. 'आपणांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात झाली की ते माहितीपत्र नसून हुकूम आहे, हे नव्या कारकुनालाही पहिल्या आठवड्यात समजते. इंग्रजी मसुद्यात हेच 'आय अ‍ॅम डायरेक्टेड टू' असे येते : मला आज्ञा झाली आहे असे विधान करून दुसऱ्याला दिलेली आज्ञा. धाकट्या नातीने या वाक्यासमोर दुसऱ्या रकान्यात 'आज्ञा' असे लिहिले, आणि मग ती कोणाची, सही करणाऱ्याची की त्याच्या वरच्याची, असे विचारून तिसरा रकाना आखायला घेतला.